निर्लेखित अंतराळयान

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यापैकी कोणीतरी उत्साहाने उठेल, वाचनालयात जाईल आणि त्या पुस्तकाची मागणी करेल. मागणी केल्यावर पुस्तकाचं काय होतं ते मी या डोळ्यांनी बघितलेलं आहे. तेव्हा एवढंच पुरे, की ती मुलांसाठी लिहिलेली अंतराळप्रवासाची जुनी कादंबरी आहे, मुखपृष्ठावर दुधाच्या बाटलीच्या आकाराचं एक यान आहे, आणि माझ्या ताईला ती हवी होती.

ताई माझी मोठी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागली होती आणि मी नुकताच चड्डीची नाडी स्वतःची स्वतः बांधायला लागलो होतो. तिनेच मला वाढवलं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "दिवसभर लोकांचे संसार जोडून देते, घरी आल्यावर पुन्हा तेच कशाला?" पाणीपुरवठा खात्यातून मी उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो, माझ्या सहीशिवाय अर्ध्या गावाला नळ मिळत नसे, तरी ताईच्या लेखी मी कायम 'छोट्या'च राहिलो. माझ्या हाताखालच्या लोकांसमोरही ती मला छोट्या म्हणत असे. खात्यात माझा दरारा का बसला नाही याची अनेक कारणं आहेत, त्यातलं हे एक.

तर त्या दिवशी डॉक्टर ताईला तपासून बाहेर आले आणि दारात वाकून बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "आता औषधांचा फारसा उपयोग नाही. त्यांना हवं ते करू द्या." अशी वाक्यं माणसाने निदान ताठ उभं राहून बोलावीत असं माझं मत आहे. मी त्यांच्या टाळूकडे बघत "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आत गेलो तर ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिला सगळं कळलं होतं. माझं तोंड बघून तिला लहानपणापासूनच सगळं कळतं.

"छोट्या, ते अंतराळाचं पुस्तक आठवतं का रे? बहीण-भाऊ असतात ते?"

"आठवतं की. तूच वाचून दाखवायचीस."

"मिळालं तर बघ. आता माझ्या डोळ्यांना अक्षर लागत नाही. तू वाचून दाखव. अख्खं."

आयुष्यभर या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच पिशवी उचलली. खरं सांगायचं तर मला त्या खोलीतून बाहेर पडायला निमित्त हवंच होतं. तिच्याजवळ बसण्यापेक्षा उन्हात वणवण बरी वाटायची.

पहिल्यांदा गेलो पुस्तकांच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी हवंय?" म्हटलं, बहिणीसाठी. तो म्हणाला, "कितवीत आहे?" मी म्हणालो, "पंचाहत्तरी झाली तिची." त्यावर त्याने माझ्याकडे फार समजुतीच्या नजरेने बघितलं आणि चित्रं रंगवायचं एक पुस्तक पुढे केलं. ते पुस्तक आता कोणी छापत नाही, हे त्याने मी पायरी उतरल्यावर मागून ओरडून सांगितलं.

मग वाचनालय. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणजे चष्म्याच्या वरून बघणं ही ज्यांची नेहमीची नजर आणि चष्म्यातून बघणं हा विशेष सन्मान, अशा बाई. मी नाव सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या एका ढकलगाडीकडे बोट केलं. गाडीला दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या आत फाटक्या-तुटक्या पुस्तकांच्या ढिगात सगळ्यात वर ते होतं! तेच बाटलीसारखं यान. मला इतका आनंद झाला की मी दोरीखालून हात घातला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "ते निर्लेखित साहित्य आहे."

"मला फक्त हे पुस्तक—"

"ते आता पुस्तक नाही. बरीच वर्षं कोणी नेलं नाही, म्हणून यादीतून काढलं. यादीत नाही म्हणजे पुस्तक नाही."

"मग मला तसंच द्या. तुम्हाला नकोच आहे ना?"

"निर्लेखित साहित्य सभासदांना देता येत नाही. ते रद्दीत जातं."

"मग रद्दीवाल्याकडून घेतो."

"रद्दीवाल्याला देण्याआधी फाडावं लागतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे कोणी त्याचा गैरवापर करत नाही."

अंतराळाच्या कादंबरीचा गैरवापर कसा करतात हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मीही सरकारी खात्यात हाडं झिजवलेली आहेत. नियमाशी वाद घालायचा नसतो, त्याला बगल द्यायची असते. मी नम्रपणे विचारलं, काही मार्ग? बाईंनी प्रथमच चष्म्यातून बघितलं. मार्ग होता. सभासदांनी लेखी मागणी केली तर समिती पुस्तक परत यादीत घेऊ शकते. मात्र एका सभासदाची मागणी म्हणजे मागणी नव्हे, ती हौस. मागणी भरपूर हवी.

हात हलवत घरी आलो आणि इथे माझ्या हातून घोडचूक झाली. मी हे सगळं जिन्यात, समोरच्या साहेबांना सांगितलं.

साहेब निवृत्त इंजिनीअर. उभं आयुष्य पूल बांधण्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून बांधायला पूल उरला नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची कुठलीही अडचण ही त्यांना नदीसारखी दिसते. "सोप्पं आहे," ते म्हणाले. "भरपूर म्हणजे किती? आपण त्यांना पुरून उरेल एवढी मागणी देऊ." संध्याकाळच्या आत त्यांनी सगळी इमारत, शेजारची इमारत, त्यांची फिरायला जाणारी मंडळी आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले पेशंटसुद्धा वाचनालयाचे सभासद करून कामाला लावले. मागणीच्या कागदावर कारण लिहायची जागा होती. कोणी 'अंतराळाची ओढ' लिहिलं, कोणी 'झोप येत नाही' लिहिलं. तळमजल्यावरच्या शिंप्याने प्रामाणिकपणे 'साहेब जात नाहीत म्हणून' असं लिहिलं. आमच्या हिने लिहिलं, 'वन्संसाठी.' बाईंनी तो कागद नापास केला, कारण वाचकाने मागणी स्वतःसाठी करायची असते.

समिती काही रोज बसत नाही. ती बसेपर्यंत मी रोज वाचनालयाची पायरी झिजवत होतो. रोज परत आलो की ताई विचारायची, "आज काय म्हणाल्या तुझ्या बाई?" मी साग्रसंगीत सांगायचो. ती हसायची, हसताना दम लागायचा, मग ही मला डोळ्यांनी दटावायची. पण ताई म्हणायची, "बोलू दे गं त्याला." तिची मनगटं रोज थोडी थोडी बारीक होत चालली होती. बांगडी कोपरापर्यंत घसरायची. मला ते दिसत होतं. मी आणखी जोरात बाईंची नक्कल करायचो.

शेवटी समिती बसली. मी नवी पिशवी घेऊन गेलो. बाईंनी उठून उभं राहून माझं अभिनंदन केलं, तेव्हाच मी ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

"एवढी मागणी आजवर कुठल्याच पुस्तकाला आली नाही," त्या म्हणाल्या. "समितीने एकमताने ते दुर्मिळ घोषित केलंय."

"वा! मग द्या."

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, आत एका लाकडी घडवंचीवर ते पुस्तक, एकटंच. "दुर्मिळ ग्रंथ इमारतीबाहेर जात नाही. इथे बसून वाचायचा."

मी मटकन बाकावर बसलो. कोणाला नको होतं तेव्हा मिळत नव्हतं, आणि सगळ्यांना हवं झालं म्हणून मिळत नव्हतं! नोकरीत असताना मी लोकांना असे प्रकार सांगत असे, तेव्हा ते काउंटरवर का डोकं टेकत ते मला त्या बाकावर बसून कळलं.

घरी आल्यावर ताईला हे सांगताना माझा आवाज नकलेला लागेना. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तक येत नाही ना? मग मी जाते."

ही म्हणाली, "वन्सं, काहीतरीच काय? जिना आहे."

"डॉक्टर म्हणालेत ना, हवं ते करू द्या?" ताई म्हणाली. ते वाक्य तिने आतून ऐकलं होतं तर.

आता वाहन. निवृत्त होताना खात्यातल्या लोकांनी मला एक चाकांची फिरती खुर्ची भेट दिली होती. उभा जन्म लाकडी स्टुलावर काढल्यावर ही अक्कल त्यांना सुचली. साहेबांनी खुर्ची उलटीपालटी करून बघितली, जिन्याची मापं घेतली, भार कुठे येईल आणि कोणी कुठे धरायचं यावर भाषण दिलं. ताई म्हणाली, "साहेब, मी पूल नाही. उचला." मी, साहेब आणि शिंपी, आम्ही तिला उचललं. भार म्हणून काही आलाच नाही. साहेबांनी मोठ्या जड वस्तूची तयारी केली होती, त्यामुळे तोल जाऊन तेच मागे पडता पडता राहिले.

रस्त्यावर आल्यावर खुर्चीने आपला धर्म दाखवला. फिरती खुर्ची फिरणारच. पुढे ढकलली की ताई गोल वळायची. तिचं तोंड कधी वाचनालयाकडे, कधी औषधाच्या दुकानाकडे, कधी आमच्याकडे. चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली आणि हे वाहन आहे की सामान आहे, ते विचारलं. ताई मागून पुढे फिरत येऊन म्हणाली, "यान आहे." त्याने सलाम ठोकला आणि सगळी वाहतूक थांबवली. कित्येक महिन्यांनी ताईच्या गालांवर ऊन पडलं होतं. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, कारण माझ्या खात्यातले दोन कारकून फुटपाथवरून हा सोहळा बघत होते.

वाचनालयात बाईंनी कुलूप उघडलं, पुस्तक टेबलावर ठेवलं, मी घसा साफ केला, पहिलं वाक्य वाचलं आणि बाई म्हणाल्या, "वाचनकक्षात मोठ्याने वाचता येणार नाही."

"हळू वाचतो."

मी हळू वाचलं. ताईचा एक कान टेलिफोन एक्स्चेंजने कायमचा ठेवून घेतला होता. ती म्हणाली, "ऐकू येत नाही रे." मी जरा वाढवलं. वर्तमानपत्रं वाचणारे चार-पाच म्हातारे एकदम खाकरले. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि ते नियमावली मागणार एवढ्यात बाईंनी ताईकडे बघितलं. चष्म्यातून नाही आणि चष्म्यावरून नाही, चष्मा काढून.

"बाइंडिंगची खोली इमारतीतच येते," त्या म्हणाल्या. "आणि तो वाचनकक्ष नाही."

ती खोली मागच्या बाजूला होती. खळीचा वास, दाबयंत्र, सुतळीची रिळं, पाठी उसवलेल्या पुस्तकांचे ढीग. खिडकीशी आम्ही ताईची खुर्ची लावली आणि चाकांखाली दोन जुने शब्दकोश दिले, म्हणजे ती फिरणार नाही. तिथे मी रोज दुपारी वाचायला लागलो.

साहेबही रोज यायचे. ऐकायला नव्हे, तपासायला. "यान वळताना सोसाट्याचा आवाज झाला म्हणतोय. चूक. तिथे हवाच नाही, आवाज येणार कुठून?" "एवढ्याशा इंधनात एवढं अंतर? शक्यच नाही." ताईला त्यांच्या हरकती फार आवडायच्या. पुस्तकातला धाकटा भाऊ सारखा "अजून किती लांब?" विचारतो आणि बहीण त्याला दर वेळी नवीन तारा दाखवते. तिथे ताई डोळे मिटून ओठ हलवायची. तिला ते पाठ होतं. मधे दोन दिवस तिला उठवेना म्हणून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच हिला सांगून साडी बदलून घेतली. म्हणाली, "आज शेवटचं प्रकरण."

त्या दिवशी तिला मान धरवत नव्हती. हिने उशी लावली आणि मागे उभी राहिली. मी वाचायला लागलो. यान बिघडलेलं असतं, ते घरी पोचणार नसतं. सुटकेचा एक छोटा डबा असतो, त्यात बसून निघायचं. मी पान उलटलं आणि थांबलो.

हे प्रकरण मी कधी वाचलेलंच नव्हतं. ऐकलं होतं, कितीदातरी. ताई सांगायची, दोघं अंग चोरून त्या डब्यात बसतात आणि घरी परततात, आई दारात उभी असते. मला वाचता यायला लागलं तोवर ते पुस्तक घरातून गेलं होतं. आणि आता माझ्यासमोर छापलेलं होतं, की बहीण भावाला डब्यात बसवते, पट्टा आवळते आणि बाहेरून झाकण लावते.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"काही नाही. खळीने पानं चिकटलीत," मी म्हणालो, आणि पुस्तकावर डोळे ठेवून सुरू केलं, "मग ती दोघं अंग चोरून त्या डब्यात बसली—"

"थांबा, थांबा!" साहेब स्टुलावरून उठले. "मागच्याच पानावर म्हटलंय, डब्यातली हवा एकाला पुरेल इतकीच आहे. मग दोघं कशी बसली? हा लेखक वाचकांना काय समजतो?"

ताई हसायला लागली. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"पकडलं बघ साहेबांनी," ती म्हणाली. "मला मात्र तू कधी पकडलं नाहीस. छोट्या, लहान होतास तेव्हा. रडरड रडला असतास, म्हणून मी तसं सांगायचे. आता लिहिलंय तसं वाच."

"ताई, नको."

"वाच रे. मी आहे तोवर वाच."

मी वाचलं. कसं वाचलं ते मला माहीत नाही. बहीण झाकण लावते, काचेवर हात ठेवते, डबा सुटतो, आणि मोठं यान लहान होत होत दिसेनासं होतं. तिथे पुस्तक संपतं. साहेब रुमाल शोधत होते आणि तो त्यांच्या हातातच होता. हरकत त्यांनी घेतली नाही.

"पुढे त्याचं काय होतं?" ताईने विचारलं.

मी मागचं कोरं पानसुद्धा उलटून बघितलं. "लिहिलेलं नाही."

"मीही तेव्हा खूप शोधलं होतं," ताई म्हणाली. "मला बाकी काही वाटायचं नाही रे. ती तर समजून उमजून राहिली. पण तो एवढासा पोरगा, त्याचं पुढे कसं झालं, ते त्या माणसाने सांगायला हवं होतं."

मी पुस्तक मिटलं.

"तो पोचला," मी म्हणालो. "नीट पोचला. शिकला, पाणीपुरवठा खात्यात लागला."

ताईने डोळे मिटले. "बढती मिळाली?"

"मिळाली. उशिरा मिळाली, पण उपअधीक्षक झाला."

"बायको कशी मिळाली?"

"तापट आहे," मी म्हणालो. मागून हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण चांगली आहे. फार चांगली आहे."

"आणि वेळेवर जेवतो का? त्याला स्वतःला भूक लागलेली कळायची नाही. ताटावर बसवावं लागायचं."

"जेवतो, ताई."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिने साहेबांना खूण केली, की शब्दकोश काढा, निघू या.

त्याच आठवड्यात ताई गेली. दुपारची वेळ होती. मी खाटेशी तिचा हात धरून बसलो होतो, सकाळपासून कुठेही गेलो नव्हतो. शेवटी शेवटी तिला काही विचारायची ताकद राहिली नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. म्हणून मीच तिच्या चांगल्या कानाशी वाकलो आणि सांगितलं, "ताई, मी जेवलोय."

जेवलो नव्हतो.